शेवटच्या प्रकरणातला खुनी

जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला आमच्या कोपऱ्यावर जुनी पुस्तकं ठेवायचं एक उघडं कपाट आहे. काल त्यातली एक रहस्यकथा उघडली आणि ओलसर, पिवळ्या पानांच्या वासाबरोबर आमची जुनी बाल्कनी समोर आली.

उन्हाळ्यातला रविवार होता. मी पुस्तक आपटून तणतणत होते, "खुनी थेट शेवटच्या प्रकरणात आणलाय! शुद्ध फसवणूक! पुरावा आधीच वाचकासमोर ठेवायला नको?"

समोर माझा नवरा मकरंद दारावरच्या बेलसाठी नावाची पट्टी कापत होता. लग्नानंतर मी नाव बदललं नव्हतं, त्यामुळे आमच्या बेलवर दोघांची आडनावं असायची.

"आणि ठेवलेला दिसलाच नाही तर?" त्यानं विचारलं.

"मला दिसतो. अर्ध्या पुस्तकातच खुनी ओळखते मी."

तो नुसता हसला. कात्री कुरकुरत राहिली.

महिन्याभरात तो मला सोडून गेला. दुसरं घर त्यानं आधीच घेऊन ठेवलं होतं.

त्या रविवारी कापलेल्या पट्टीवर एकच आडनाव होतं, त्याचं. माझ्या कॉफीच्या कपाशेजारी, भर उन्हात, अक्षरं माझ्याकडे करून ती पडली होती. त्यानं काहीच लपवलं नव्हतं. तेवढंच मला अजून माफ करता येत नाही.