पाच वर्षं टांगून ठेवलेलं मशीन

मुलगा गेल्यानंतर पाच वर्षं मी देवासमोर हात जोडले नाहीत. रागाने नव्हे. राग आला असता तर निदान दोन शब्द बोलणं तरी झालं असतं. पत्नी दर गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला फुलं वाहायची, तेव्हा मी बाहेर ओटीवर जाऊन बसायचो. तिने मला कधी आत बोलावलं नाही की टोमणा मारला नाही.

आम्ही तेव्हा डोंबिवलीच्या पश्चिमेला, कोपरकडे, खाडीजवळ राहायचो. मी ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं, त्यातून होडीच्या मागे लावायचं एक लहान पेट्रोलचं मशीन मी हौसेने घेतलं होतं. शेजारी पांडू नावाडी राहायचा. होडी त्याची, मशीन माझं, आणि रविवारी माझ्या मधूला मध्ये बसवून आम्ही खाडीत लांबवर जायचो. आठ वर्षांचा असताना मधूला ताप आला, तो उतरेचना. कल्याणच्या इस्पितळात न्यायला त्याला होडीत घातलं आणि अर्ध्या वाटेत मशीन बंद पडलं. मी दोरी ओढत राहिलो. पांडूने वल्ही घेतली आणि ओहोटीच्या उलट इतका वेळ मारली की त्याच्या तळहातांची सालं निघाली. कल्याणचा काठ दिसू लागला तेव्हा मधूचं डोकं माझ्या मांडीवर जड झालेलं होतं.

मशीन त्या दिवशी का बंद पडलं, हे मला आजवर कळलेलं नाही. उघडून बघायचं धैर्यच झालं नाही. घरी आणलं, गोणपाटात गुंडाळलं आणि माळ्याच्या तुळईला टांगून टाकलं.

पाचव्या वर्षी श्रावणात तीन दिवस पाऊस खळला नाही. रुळांवर पाणी आलं, गाड्या बंद पडल्या, म्हणून मी घरीच होतो. सकाळी पांडू दारात येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने माझ्यापाशी मशीनचा शब्द काढला नव्हता.

"मिस्त्री, सून अडलीय," तो म्हणाला. "काल सकालपासून. सुईन बोलते, दवाखान्यात न्या, नायतर दोगंबी जातील."

"बैलगाडीने?"

"रस्ता हाय कुठं? आन् खारीला पूर हाय. वल्ह्यानं नाय जमायचं."

"पांडू, ते मशीन मेलंय."

तो गेला नाही. दाराच्या चौकटीला धरून नुसता उभा राहिला. तेवढ्यात माझ्या पत्नीने आतून स्टूल आणलं, तुळईखाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता पुन्हा चुलीपाशी गेली. मी स्टुलावर चढलो.

गोणपाट एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलं होतं. चाक हाताने फिरेना. प्लग काढून आत तेल सोडलं, थोडं थांबलो, मग ते कुरकुरत फिरलं. जुनं पेट्रोल आटून आत डिंकासारखं चिकटून बसलेलं होतं, ते तारेने खरवडून काढलं. प्लग घासले, ठिणगी पाहिली. ठिणगी होती. नवं पेट्रोल रेतीच्या एका अडकून पडलेल्या ट्रकमधून मिळालं. काम करताना हात आपोआप चालत होते. मशीन सुरू होणार नाही याची भीती होतीच; सुरू होऊन मध्येच बंद पडेल याची भीती त्याहून मोठी होती.

होडीला मशीन बसवलं. काठावरच्या झापाच्या छपराखाली पांडूची सून घोंगडीवर पडली होती. ती ओरडत नव्हती, आणि तेच जास्त वाईट वाटत होतं. तिच्या उशाशी सासू बसलेली, आणि पाठ चोळत एक मध्यम वयाची आगरी बाई. तिचं इरलं बाजूला ठेवलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. पांडूच्या नात्यातली असेल, असं मी समजलो.

बाविसाव्या की तेविसाव्या ओढीला मशीन धडधडलं. पांडूने आकाशाकडे हात केला. मिनिटभर चाललं आणि मेलं. झाकण उघडून पाहिलं, टाकीत पेट्रोल होतं. झाकण घट्ट लावलं, दोरी ओढली, मशीन सुरू झालं, मिनिटभरात पुन्हा मेलं. तिसऱ्यांदाही तेच. मला मधूचा तो दिवस जसाच्या तसा दिसू लागला. मी मशीनवर डोकं टेकून बसलो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तोंडातून निघालं, "महाराज, आता माझ्याच्याने होत नाही." प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. माणूस ओझं खाली टाकतो तसं ते होतं.

"अरे मिस्त्री," कोणीतरी अगदी जवळून म्हणालं. ती आगरी बाई पाण्यात उतरून होडीपाशी आलेली. "झाकन उघरतंस तवा जीव येतो त्याला. लावतंस आन् मरतो. कोंडतंस कनाला त्याला?"

मी झाकणाकडे पाहिलं. त्यावर हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं; ते बुजलं की टाकीतलं पेट्रोल खाली उतरत नाही. ते राखाडी मातीने गच्च लिंपलेलं होतं. कुंभारीण माशीने तिथे घर बांधलं होतं. सगळं मशीन मी खोललं, आणि झाकण तेवढं नुसत्या फडक्याने पुसून ठेवलेलं! तिने अंबाड्यातला आकडा काढला, भोकात घालून माती उकरली, फुंकर मारली आणि झाकण माझ्या हातात दिलं.

"जा आथा," ती म्हणाली.

मशीन सुरू झालं ते चालतच राहिलं. सुनेला उचलून होडीत घ्यायच्या गडबडीत मी मागे पाहिलं नाही. पूर अंगावर येत होता, होडी इंचाइंचाने पुढे सरकल्यासारखी वाटत होती, आणि मी वाटभर मशीनवर तळहात ठेवून बसलो होतो. दुपारी कल्याणच्या काठाला लागलो.

संध्याकाळच्या आत बाळ झालं. मुलगा होता. तो रडलाच नाही. सून मात्र वाचली. अजून तासभर उशीर झाला असता तर तीही गेली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

इस्पितळाच्या पायरीवर पांडूच्या बायकोने मला विचारलं, "ती बाय कोन तुमची? लय धीर दिला तिनं."

मी म्हटलं, "माझी कुठली? मला वाटलं तुमच्यातली."

तिने नाही म्हणून मान हलवली. पुढे मी कोपर आणि आसपासच्या पाड्यांवर पुष्कळ चौकशी केली, पण तिला ओळखणारं कोणी भेटलं नाही. पुरात अडकलेली कोणी वाटसरू असेलही. मी त्याला चमत्कार म्हणत नाही आणि कोणाशी वादही घालत नाही. ती कोणीही असो, तिला पाठवणारा मला ठाऊक आहे, एवढंच मी माझ्यापुरतं धरून आहे. मधूच्या वेळी का पाठवलं नाहीस, हे मी त्याला विचारलं. अजूनही विचारतो. उत्तर येत नाही. पण आता मी विचारतो तरी.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. बाळाला पुरून, सुनेपाशी सासूला ठेवून, पांडू आणि मी परत निघालो. कल्याण मागे पडल्यावर पांडू म्हणाला, "मिस्त्री, बंद करा जरा त्याला."

मी मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. पांडूने तोंडावर उपरणं घेतलं आणि मोठमोठ्याने रडू लागला. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग माझंही रडू मला आवरेना. तो नातवासाठी रडत होता, मी मधूसाठी. किती वेळ गेला कोण जाणे. कोणी वल्हं हातात घेतलं नाही, की सुकाणूकडे पाहिलं नाही. ओहोटी लागली होती. डोळे पुसून वर पाहिलं, तर होडी आपली सरळ चालली होती, आणि कोपरचा काठ समोर आला होता.