बोरिवलीला जाऊन गुलामांची जोडी टाकली, त्याची गोष्ट

खरं तर मी जाणारच नव्हते. आठवडाभर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात फायली स्कॅन करून मान आखडली होती आणि रविवार झोपून काढायचा ठरवला होता. शनिवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे सावंतकाका दारात आले.

"उद्या बोरिवली. तुझं नाव दिलंय मी."

"विचारायचं तरी, काका."

"विचारलं असतं तर नाय म्हटलं असतंस."

काका अडुसष्ट वर्षांचे. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर तीस वर्षं काढली. लॉकडाऊनमध्ये आमच्या मुलुंडच्या गच्चीवर त्यांनीच मला पोकर शिकवलं, शर्टाची बटणं चिपा म्हणून वापरून. मागच्या वर्षी त्यांना काचबिंदू निघाला. आता इस्पिक आणि किलवर ओळखायला पत्ता नाकाजवळ न्यावा लागतो. बोरिवलीच्या स्पर्धेत पहिल्या तिघांना गोव्याच्या मोठ्या स्पर्धेची प्रवेशिका आणि दोन रात्रींचा मुक्काम होता. पहिला असो की तिसरा, बक्षीस एकच. चौथ्याला काही नाही. डोळे आहेत तोवर एकदा त्या मोठ्या टेबलावर बसायचं, एवढंच काकांचं म्हणणं होतं. मी सकाळचा गजर लावला.

सकाळी साडेआठला निघालो. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत बस, रविवार असूनही पाऊण तास, कारण एलबीएस रोड कुठे ना कुठे खणलेला असतोच. घाटकोपरहून मेट्रो, हायवेच्या स्टेशनवर उतरून पुलावरून गुंदवलीला चालत जायचं आणि तिथून दुसरी मेट्रो. दोन्हींचं मिळून तिकीट शंभराच्या आत. पुलावर ऑक्टोबरचं ऊन थेट डोक्यावर येतं, टोपी घ्या. साकीनाका आलं तेव्हा काका खिडकीकडे वळले. "आमचं वर्कशॉप त्या पिवळ्या बिल्डिंगच्या मागे," म्हणाले. मला पिवळी बिल्डिंग दिसली नाही. त्यांना दिसली असेल असंही वाटलं नाही.

देवीपाड्याला उतरून दहा मिनिटं चाललो. एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये चार टेबलं मांडली होती, सव्वीस जण खेळायला. आठशे रुपये, त्यात हॉलचं भाडं, चहा आणि दुपारचं जेवण. पुरी-भाजी बरी होती, श्रीखंड खाऊ नका, नंतर झोप येते. एसी एकच, तोही दाराजवळ, म्हणून लवकर पोचून जागा बघून बसा.

पहिले तीन तास सांगण्यासारखं काही नाही. पत्ते टाकले, म्हणजे न खेळता डाव सोडला, टाकले, आणि टाकले. छोट्या स्पर्धेत लोक आपणहूनच बाहेर जातात, त्यांना घाई असते. तीन वाजता शेवटच्या टेबलावर सात जण होतो, चारला चार. हेतलबेन नावाच्या, कांदिवलीला क्लासेस घेणाऱ्या बाई, त्यांच्यासमोर चिपांचे ढीग. नायर नावाचा एक इंजिनियर, तोही सुखात. मग मी, आणि सगळ्यात कमी काकांकडे.

यालाच बबल म्हणतात. आणखी एक जण गेला की उरलेले तिघं गोव्याला. अशा वेळी प्रश्न आपले पत्ते चांगले आहेत का हा नसतोच. आपल्याआधी कोण जाणार, हा असतो. दर डावाला दोघांना पत्ते बघायच्या आधीच आळीपाळीने चिपा टाकाव्या लागतात, एकाला कमी, एकाला जास्त, त्याला छोटा आणि मोठा ब्लाइंड म्हणतात. ज्याच्याकडे चिपा कमी, त्याला हा ब्लाइंडच खातो. पुढच्या डावात मोठा ब्लाइंड काकांचा होता. तो भरला की त्यांच्याकडे जवळजवळ काही उरणार नव्हतं.

या डावाला मोठा ब्लाइंड माझा होता. काकांनी पत्ते नाकाजवळ नेऊन पाहिले आणि टाकले. हेतलबेननी सगळा ढीग पुढे सारला, म्हणजे त्यांच्याशी खेळायचं तर आपल्याही सगळ्या चिपा लावायच्या. नायरने टाकले. आता मी. पत्त्यांचे कोपरे उचलले तर दोन गुलाम.

दिवसभरात आलेली सगळ्यात चांगली जोडी. गच्चीवर असते तर विचारही केला नसता. पण जिंकून मला जास्त काही मिळणार नव्हतं, आणि हरले तर मी चौथी आणि काका गोव्याला. हेही डोक्यात आलं की डाव घ्यावा आणि हरावं. पण हरण्यासाठी खेळणं म्हणजे बाकी दोघांना फसवणं, आणि काकांना कळलं असतं तर ते माझ्याशी पुन्हा बोलले नसते. हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण साधं होतं, मला गोव्याला जायचं होतं. सकाळपर्यंत मला हे माहीत नव्हतं.

"वेळ घ्या, ताई," नायर म्हणाला.

मी गुलाम पालथेच टाकले. हेतलबेननी हसून आपले पत्ते दाखवले, एक्का आणि पंजी. माझी जोडी पुढे होती.

पुढच्या डावात काकांचा ब्लाइंड गेला. हेतलबेननी बोली वाढवली, नायरने टाकले, मी टाकले. काकांनी उरलेल्या चार चिपा पुढे ढकलल्या. त्यांच्याकडे राजा आणि चौकी, हेतलबेनकडे अठ्ठीची जोडी. मधले, सगळ्यांचे मिळून असलेले पाच पत्ते उघडले, राजा आला नाही. काका उठले, तिघांशी हात मिळवला आणि पाणी प्यायला गेले.

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. जोगेश्वरी गेलं.

"त्या डावात काय टाकलंस गो?" काकांनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. "दोन गुलाम."

"बरोबर टाकलंस," काका म्हणाले. "मी असतो तर नसते टाकले. म्हणून तर मी चौथा."

मुलुंडला उतरेपर्यंत साडेसात झाले होते. जिन्यात त्यांचा हात धरला तर त्यांनी धरू दिला, एरवी झटकतात.

सोमवारी मी आयोजकांना फोन केला, प्रवेशिका दुसऱ्याच्या नावावर होते का विचारायला. होत नाही. काकांना सांगितलं तेव्हा ते चिडले. "माका विचारलंस? तुझं आहे, तू जा." मग, "रजा टाक आधी." रजा टाकली आहे.

तुम्ही विचारता की अशा स्पर्धेला जावं का. जा. खिशाला फारसं जड नाही, माणसं बरी असतात. बबलवर पत्ते टाकायलाही शिका, ते बरोबरच असतं. गुलाम पुन्हा आले तर मी पुन्हा टाकेन. फक्त परवा फायली स्कॅन करताना एक गोष्ट लक्षात आली. त्या शेवटच्या अर्ध्या तासात काका माझ्या समोरच बसले होते, आणि त्यांचा चेहरा कसा होता ते मला आठवत नाही. मी त्यांच्या चिपाच मोजत होते.