शून्य गोलचा गोलकीपर

“आमचे गोलकीपर कुठे गेले?” इंग्लंडहून क्लबचे म्हातारे सेक्रेटरी फोनवर शांतपणे विचारत होते. मी सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या माझ्या डेस्कवर खेळाडूंची यादी वरखाली केली. बॅक, म्हणजे बचावपटूही, बरेच उडाले होते, पण गोलकीपर झाडून सगळे गायब.

दोन हजार चौदा-पंधराची गोष्ट. एका छोट्या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम आमच्याकडे होतं. त्यातल्या दुबार, रिकाम्या नोंदी काढून टाकायच्या, याला आम्ही क्लीन-अप म्हणतो. आमचे मॅनेजर सबनीस सर क्रिकेटवेडे. त्यांनी नियम केला: ज्याचे गोल शून्य, ती नोंद बाद. टीम सगळी पुण्या-मुंबईची, फुटबॉलशी काडीचा संबंध नाही. मी टेस्टर, म्हणजे चुका पकडणारा, मीही तो नियम पास केला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

सेक्रेटरींचा जीव अडकला होता एका माणसात. पन्नासच्या दशकातला गोलकीपर. आठवडाभर कोळशाच्या खाणीत राबायचा, शनिवारी उघड्या हातांनी चेंडू अडवायचा. अकरा वर्षं एकच क्लब, मग खांदा निखळला आणि खेळ संपला. आता नव्वदीला टेकलेला. जुन्या खेळाडूंच्या जेवणाची आमंत्रणं आमच्याच यादीवरून आपोआप जाणार होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

“पुढच्या वर्षीपर्यंत तो राहील असं वाटत नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

मी सरांकडे गेलो.

“सर, नियम चुकलाय. गोलकीपर गोल करत नाही, अडवतो.”

“अकरा वर्षांत एकही नाही?” सरांना खरंच नवल वाटलं. “मग ठेवला कशाला टीममध्ये?”

काय बोलणार या माणसाशी?

“शिवाय साइन-ऑफ झालाय,” सर म्हणाले. साइन-ऑफ म्हणजे काम बरोबर झालं असं क्लायंटनं लिहून देणं. “बदल हवा तर त्यांना रिक्वेस्ट टाकू दे. दोन आठवडे लागतील.”

“आमंत्रणं उद्या जाताहेत, सर.”

“प्रोसेस म्हणजे प्रोसेस.”

घोळ घालणार आम्ही आणि अर्ज करायचा त्या म्हाताऱ्यांनी. माझं डोकंच फिरलं. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापुरात राहून काम करायचा परवाना, याच कंपनीच्या जिवावर होता, तरीही दुसऱ्या दिवशी सर खाली हॉकर सेंटरच्या स्टॉलांवर जेवायला गेले तेवढ्यात मी बॅकअपमधून सगळ्या नोंदी परत चढवल्या.

गोलकीपर व्हीलचेअरवरून जेवणाला आला, असं सेक्रेटरींनी कळवलं. सोबत आमच्या तत्परतेबद्दल आभाराचं पत्र होतं. ते सरांनी स्वतःच्या अप्रेझलला जोडलं आणि प्रोसेस मोडल्याबद्दल मला वॉर्निंग लेटर दिलं.

धडा एवढाच: ज्यानं घोळ घातला, त्याच्याकडेच तो निस्तरायची परवानगी मागायला जाऊ नये. आधी निस्तरावा, मग लेटर घ्यावं.