गप्प बसण्याचा नियम

मंगळवारी दुपारी माझी मैत्रीण वारली. साडेचारला आमचा गणिताचा गट बसायचा होता. तो बसला नाही.

गट तिचाच. आम्ही दोघी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांनी आठवड्यातून दोनदा आमच्याबरोबर बसून गणितं सोडवावीत, हे तिने सरांच्या गळी उतरवलं होतं. ही शिकवणी नव्हे, असं ती बजावायची. तिचा नियम एकच: ज्याला येत नाही त्याने फळ्याशी उभं राहायचं, ज्याला येतं त्याने गप्प बसायचं. फार तर प्रश्न विचारायचा. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळे मला तो नियम सोपा वाटायचा.

ती तापाने गेली, पाच दिवसांत. तेरावं झाल्यावर गट मी चालवायला घेतला. त्यात दिघाशी गावची एक मुलगी होती. तिला कॅल्क्युलसमध्ये केटी लागली होती. या खेपेला विषय सुटला नाही तर कॉलेज बंद, असं घरच्यांनी सांगून ठेवलं होतं. तिच्या वडिलांना माझ्या मैत्रिणीने शब्द दिला होता, "काका, ती पास होईल." परीक्षेला महिना उरला होता आणि शब्द आता माझ्या गळ्यात होता.

घाबरून मी नियम मोडला. स्वतः फळ्याशी उभी राहिले आणि चार बैठका एकटीच बोलले. एरवी घरीसुद्धा मी इतकं बोलत नाही. सगळे माना हलवत होते. मग मी एक लहानशी टेस्ट घेतली. कोणालाच फारसं काही आलं नाही. दिघाशीच्या मुलीने कोरा कागद पुढे केला.

"ताई, तू सांगतेस तवा सगलं समजतं," ती म्हणाली. "घरी गेल्यावं काईच न्हाय येत."

त्या दिवशी मी तिला फळ्याशी पाठवलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. फलन संतत आहे, म्हणजे त्याचा आलेख कुठे तुटत नाही, हे सिद्ध करायचं होतं. त्यात एप्सिलॉन समोरच्याने द्यायचा असतो, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल ते. त्याला पुरेल असा डेल्टा, म्हणजे आत घालायच्या आकड्यात किती फरक ठेवायचा ते, आपण शोधायचा. तिने डेल्टा आधीच लिहून टाकला. चूक मला दिसत होती. मी जीभ दाताखाली धरली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

शेवटी पुढच्या बाकावरचा मुलगा बोलला. तो सकाळी वडिलांबरोबर कापडाच्या लूमवर शिफ्ट करून यायचा. "अगं, सेठने बोला ही नहीं फरक कितना चलेगा, और तूने लूम सेट भी कर दिया!"

"तू गप. मागच्या टेस्टला चार मार्क हायेत तुला."

"चार तो चार, पण आहेत ना? तुझा तर कागदच कोरा!"

सगळे हसले. ती हसली नाही. फळ्याकडे बघत राहिली, मग तळहाताने डेल्टा पुसला.

"म्हंजे आधी त्यो सांगणार," ती हळूच म्हणाली. "मंग मी."

पुढचं तिने एकटीने लिहिलं. एकदा अडखळली, दोन ओळी खोडल्या, पुन्हा लिहिल्या. मी अक्षरही बोलले नव्हते, आणि माझ्या स्वतःच्या कुठल्याही निकालाचा मला एवढा अभिमान वाटला नव्हता. तिथून परीक्षेपर्यंत मी शेवटचा बाक सोडला नाही. गप्प बसणं सोपं नव्हतं हेही मला तेव्हाच कळलं. माझ्या मैत्रिणीला तर बोलायला किती आवडायचं!

निकालाच्या दिवशी दिघाशीहून फोन आला. "ताई, सुटला!" मागून तिचे वडील कोणाला तरी तेच मोठ्याने सांगत होते.

संध्याकाळी मी टेमघरला मैत्रिणीच्या घरी गेले आणि तिच्या आईला सांगितलं. काकूंनी शेगडीवरचं दूध उतरवलं.

"ती म्हणालीच होती, ही पोरगी पास होणार म्हणून," त्या म्हणाल्या.

माझं कॉलेज संपलं. मैत्रीण नाही. गट चालू आहे, आणि तो दिघाशीची मुलगी चालवते.