खिडकीला ठोकलेल्या फळ्या

समजा, तुम्हाला एका माणसाचं अख्खं आयुष्य त्याच्या तोंडून उतरवून घ्यायचं आहे. तो बोलेल तसं लिहायचं आणि परिच्छेद संपला की त्याचंच त्याला वाचून दाखवायचं. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. जमेल?

हेस्टर ब्लॉजेटला जमायचं. व्हरमाँटमधल्या त्या लहानशा गावात लघुलेखन येणारी ती एकटीच होती. त्यामुळे नामांकित वकील आणि माजी राजदूत अल्व्हा पेनिमन आत्मचरित्र सांगायला बसले, तेव्हा बोलावणं तिलाच आलं.

"तुझी पेन्सिल मला आवडते, पोरी," ते म्हणायचे. "या घरात मध्येच न बोलणारी तेवढीच एक."

"ऐकलं बरं का!" स्वयंपाकघरातून पेनिमनबाई ओरडायच्या. "आज केकसुद्धा पेन्सिलीकडेच मागा."

त्या दिवशी प्रकरण तहाचं होतं. लढाई थांबली होती, नुसत्या सह्या बाकी होत्या. पण तोंडावर ऊन येईल अशा बाजूला बसायला कुणीच तयार होईना. दोन्ही देशांची मंडळी आठवडाभर अडून राहिली. शेवटी पेनिमनांनी सुतार बोलावून खिडकीलाच फळ्या ठोकल्या. भर दुपारी दिवे लावून तह झाला! सांगताना त्यांना हसू आवरेना.

"वाच, वाच. मजा येतेय का बघू."

हेस्टरने वाचलं. शेवटच्या ओळीनंतर तिने वही मिटून ठेवली.

"काय गं, काय झालं?"

"माझा भाऊ त्या युद्धात होता, साहेब. ऑर्सन. लढाईतून वाचला. पण तह होईपर्यंत कुणालाच घरी सोडत नव्हते. त्याच आठवड्यात छावणीत तापाने गेला."

पेनिमनांचं हसू विरलं.

"छावणीच्या तारा..." ते म्हणाले आणि थांबले. "आज नको. उद्या सांगतो. ते पुस्तकात आलंच पाहिजे."

त्याच रात्री ते झोपेतच वारले.

बाईंनी पुस्तक होतं तसं छापायला दिलं. हेस्टरनेच ते टाइप केलं, पदरचा शब्द न घालता. फळ्यांचा किस्सा गावभर झाला. चर्चच्या जेवणात अजूनही कुणीतरी तो सांगतं, मग सगळे तिच्याकडे वळतात.

"तू ऐकलंयस ना गं त्यांच्या तोंडून? खरंच ठोकल्या फळ्या?"

"खरंच," हेस्टर म्हणते आणि बटाट्यांचं भांडं पुढे सरकवते.

तिला मात्र दुसरंच विचारायचं आहे. छावणीत मरणाऱ्या पोरांच्या तारा तेव्हा त्या खोलीत येत होत्या का? आणि येत असतील, तर त्या उघडून कुणी वाचल्या होत्या?