रिकामं भांडं परत कसं द्यायचं

घानातल्या कुमासी शहरात, आबोआबो झोंगो या मुसलमान वस्तीत, तालातूला सगळे हाजिया म्हणतात. मक्केला ती गेलेली नाही. हजला निघालेल्या थोरल्या बहिणीला निरोप द्यायला अक्राच्या विमानतळापर्यंत गेली, तिथल्या काचेला नाक लावून विमान दिसेनासं होईपर्यंत उभी राहिली, आणि परत आली ती हाजिया होऊनच. पहिल्यांदा कुणी तशी हाक मारली तेव्हा ती भात वाढत होती. हातात पळी, समोर रांग, चूक दुरुस्त करायला वेळ कुठे होता? पुढे वेळ मिळाला, पण तोवर तिला ते नाव आवडायला लागलं होतं.

तिच्या हातचा चवळीभात मात्र कुणाच्या तिकिटावर मोठा झालेला नाही. ज्वारीची पानं घालून लालसर शिजवलेला, वर शितोची काळसर तिखट चटणी, बाजूला तळलेलं केळं. त्या वासाने मशिदीतल्या पहाटेच्या नमाजाला गर्दी वाढते असं इमामसाहेबच एकदा म्हणाले होते, आणि ते हसले नव्हते.

पूर्वी हा भात रुंद पानात बांधून मिळायचा. मग काळी प्लास्टिकची पिशवी आली आणि गल्लीने तिला डोक्यावर घेतलं. कारण साधं होतं. पानाच्या पुड्याला आकार असतो. शेजारीण लांबूनच ओळखते, हा एकट्याचा की दोघांचा, अंडं घेतलंय की नुसत्या चटणीवर भागवलंय. काळ्या पिशवीने माणसाला खाजगी पोट दिलं. शिंपी मालम इद्दी यांनी घरी सांगून ठेवलं होतं की डॉक्टरांनी अंडी बंद केलीत. रोज सकाळी ते दोन अंडी पिशवीत घेऊन, दुकानाचं दार ओढून, शिवणयंत्रामागे बसून खायचे. बायकोला हे ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. संसार असेच चालतात.

भात पोटात जायचा तो जात होता. पिशवीचं पुढे काय होतं, हे कुणी विचारलं नाही. शेवटी गटाराने विचारलं. एका पावसात ते असं तुंबलं की खालच्या टोकाच्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं. अझाराची गादी गेली, तिच्या नातवंडांची शाळेची पुस्तकं गेली. तालातूने वरच्या गल्लीतल्या लोकांना तोंड भरून शिव्या दिल्या. घाण वरूनच येते, हे तिचं ठाम मत होतं.

ही अझारा म्हणजे रविवारी गल्ली झाडणाऱ्या बायकांची म्होरकी. अर्धा वेळ झाडू, अर्धा वेळ बातम्या, अशी ती मंडळी. पाणी ओसरल्यावर त्यांनी गटार उपसलं आणि काळ्या पिशव्यांचा ढीग रस्त्यावर काढला. आता तालातूच्या पिशवीची गाठ वेगळी असते: दोन कान वर आणि एक वळसा खाली. चिखलातही ती ओळखू येते.

"हाजिया, ये इकडे," अझाराने हाक मारली. "तुझी लेकरं सापडली."

"माझी कशावरून?"

"कान बघ की. हुबेहूब आईवर गेलीत."

बायका हसल्या. तालातूही हसली. पण त्या दुपारी तिला जेवण गेलं नाही, आणि स्वतःच्या भाताकडे पाठ करून बसलेली तालातू रम्लातूने, तिच्या मुलीने, पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून पिशवी बंद, ज्याने त्याने भांडं आणायचं. झाडूवाल्या मंडळीने दारोदार सांगितलं. गल्लीने मान डोलावली. "बरोबर बोललीस, हाजिया." "कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती." आणि सकाळी सगळे हात हलवत आले.

"भांडं?"

"विसरलो बघ."

"डोकं बरं आणलंस बरोबर."

विसरणारे मग चालत दुसऱ्या टोकाला सफुराकडे जात. सफुराही चवळीभातच विकते, आणि तिच्या पिशव्या चालूच होत्या. तिचा भात वाईट नाही. पण हे वाक्य तालातूच्या तोंडून कधी कुणी ऐकलेलं नाही.

तशी भांडी गल्लीत कमी होती असं नाही. झोंगोतल्या कुठल्याही बाईच्या खोलीत शिरा, भिंतीला लागून जमिनीपासून छतापर्यंत इनॅमलच्या वाडग्यांची उतरंड दिसेल. झाकणांवर गुलाब, मोर, पोपट. आईने लेकीला लग्नात दिलेली. त्यात कुणी जेवत नाही. ईद आली की उतरवायची, पुसायची, परत रचायची, आणि आल्यागेल्याने मान वर करून बघायची. तालातूची उतरंड तिच्या आईकडची होती, आणि रमझान उलटला की रम्लातूबरोबर सासरी जायची होती. नवऱ्या मुलाची आई, हाजिया बिंतू, लग्नाआधी भेटायला येणार होती. ही खरी हाजिया, तिकीट काढून गेलेली. ती भांडी बघायला येणार असं कुणी म्हणत नव्हतं. भेटायला येणार, असंच म्हणत होते. भांड्यांवाचून सासरी गेलेल्या मुलीबद्दल काय बोलतात, तेही कुणी बोलून दाखवत नव्हतं.

तालातूने एक दिवस स्टूल ओढलं आणि वरचं वाडगं उतरवलं.

"अम्मा, काय करतेस?"

"सकाळी भात भरून द्यायचं, संध्याकाळी परत घ्यायचं. भांड्याला काय होतंय?"

"लग्न माझं आहे की गल्लीचं?"

"गल्लीच जेवणार आहे ना तुझ्या लग्नात? मग आत्ताच सवय होऊ दे."

गल्ली खूश झाली. एरवी उचलायला कुणी धजावलं नसतं अशा गुलाबाच्या झाकणाखालचा भात हातात धरून बाप्ये असे चालत, जणू लग्नाच्या वरातीत आहेत. सफुराची रांग आटली, तालातूची वाढली. गटारात तिच्या गाठीची एकही पिशवी सापडेना.

फक्त भांडी परत येईनात.

पहिल्या आठवड्यात तिने मनावर घेतलं नाही. पुढे भिंतीचा असा भाग दिसू लागला जो रम्लातूने जन्मात पाहिला नव्हता. चुना वेगळ्याच रंगाचा होता तिथला. सफुराने बातमी सोडली की बाजारात म्हणे गुलाबाची झाकणं विकायला आलीत. रम्लातू आईशी बोलायची बंद झाली, आणि बोलायची तेव्हा फक्त मीठ, पाणी, सरपण एवढंच बोलायची.

मागायचं कसं? दिलेलं भांडं मागणं म्हणजे दिलेला घास मोजणं. तालातूला ते जमणारं नव्हतं. मग तिने गल्लीत "सहज" फिरायला सुरुवात केली.

मालम इद्दींकडे ती सहज गेली. त्यांच्या ईदच्या टोपीशेजारी, कपाटावर, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं तिचं वाडगं दिसत होतं. घासून लख्ख. तालातू वाडग्याकडे बघत होती, मालम खिडकीबाहेर.

"आंबे अजून कच्चेच आहेत, हाजिया," ते उगाचच म्हणाले.

"हो का?"

"यंदा उशीर आहे. पण पिकतील."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं समजून ती पुढच्या घरी गेली. तिथे तिचं मोराचं वाडगं कोपऱ्यात चटईवर विराजमान, आणि घरची बाई सांगत होती की गिनी कोंबडी अंड्यावर बसायचं नावच घेत नाही. तिसऱ्या घरी एक म्हातारी मुलगा उत्तरेकडून सुरण कधी धाडतो याच्या काळजीत. सगळीकडे भांडी जपलेली, पुसलेली, फडक्यात बांधलेली. चोर कुठेच नाही.

तालातू अझाराच्या ओट्यावर जाऊन बसली.

"या गल्लीला झालंय काय? मी भांड्याकडे बघते, तर लोक मला झाडं नि कोंबड्या दाखवतात."

अझाराने पदरात तोंड लपवलं. हसून झाल्यावर म्हणाली, "मग काय रिकामं आणून देऊ तुझ्या दारात? शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायला आम्हाला आईबापांनी शिकवलं नाही का?"

"अगं, पण मी भात विकला. दान नव्हता केला."

"भात विकलास. भांडं विकलंस का? तुझ्या आईचं भांडं आमच्या हातात दिलंस तू. त्यात चिमूटभर मीठ घालून पाठवलं तर लोक काय म्हणतील? माझ्याकडेही आहे एक. भुईमूग निघायची वाट बघतेय."

तालातूला काय करावं कळेना. ज्यांना ती चोर समजत होती ते सगळे तिचे देणेकरी होऊन बसले होते, आणि तेही आपणहून. त्या संध्याकाळी ती घरोघर सांगत फिरली, रिकामं आणा, मला रिकामंच हवंय. लोक हसले. "होय होय, हाजिया," म्हणाले, जसं जास्त वाढू नका म्हणणाऱ्या पाहुण्याला म्हणतात. आणि सकाळी कुणी काही आणलं नाही. बिंतू येणार तो दिवस तोंडावर आला होता.

"सांगून व्हायचं नाही हे," अझारा म्हणाली. "आणि सांगणारीने स्वतः कधी केलंय का? सफुराचं निळं वाडगं अजून तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे."

हे मात्र लागलं. मोठ्या ईदला सफुराने त्या निळ्या वाडग्यात मटण पाठवलं होतं. आपण असं काही भरून परत करू की सफुराची मान खाली जाईल, या विचारात तालातूने ते ठेवून घेतलं होतं. तेवढं भारी काही तिला अजून सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, दोघींच्या रांगा लागलेल्या असताना, तालातूने पळी रम्लातूच्या हातात दिली, निळं वाडगं घेतलं आणि झाकण न ठेवता गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. ज्याला वाकून बघायचं होतं त्याने वाकून बघितलं. लोक घास तोंडाशी धरून थांबले. दागिने उतरवून बाजारात निघाल्यासारखं तिला वाटत होतं.

सफुराने वाडगं हातात घेतलं. आत बघितलं, मग तळाशी बघितलं.

"यात काय आहे, हाजिया?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"तुझं भांडं आहे. घासलेलं आहे."

सफुरा सोडणारी बाई नव्हे. सगळी रांग तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला ते ठाऊक होतं. तिने वाडगं सावकाश खाली ठेवलं.

"देवाचे उपकार," ती म्हणाली. "तू भरून आणशील या धास्तीने माझी झोप उडाली होती. तुझ्या वरताण परत काय पाठवायचं होतं मी? नवऱ्याला?"

रांग फुटेस्तोवर हसली. तालातूला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, म्हणून तिने सफुराच्या पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून विषय बदलला. सफुरा म्हणाली, बघू. आज अर्धी गिऱ्हाइकं तिच्याकडेही भांडं घेऊन जातात. त्या बघूचा अर्थ तोच होता.

संध्याकाळपासून भांडी यायला लागली. रिकामी. निदान बरीचशी. मालम इद्दींनी एक कच्चा आंबा टाकलाच, आणि तो चुकून पडला असेल असं तोंड केलं. सुरणाची वाट बघणारी म्हातारी रिकामं वाडगं देताना इतकी लाजली की तालातूने तिला आत बोलावून बसवून घेतलं. दोन वाडगी कुणाकडे गेली ते आजवर कळलेलं नाही, आणि तालातू ते कळून घेतही नाही.

रम्लातूने उतरंड पुन्हा रचली. हाजिया बिंतू आली, हातातला पंखा खाली ठेवून मान वर करून बसली, आणि तिचं बोट नेमकं एका झाकणावर गेलं.

"हा गुलाब खरवडलाय."

"हो," तालातू म्हणाली.

"वापरलीस तू ही?"

"मी नाही. गल्लीने."

मग तिने गटारापासून सगळं सांगितलं, रम्लातू दारामागे कान देऊन उभी असताना. बिंतू ऐकत राहिली. मोठ्या घरची बाई, चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"माझ्याकडे अशी दोन भिंती भरून आहेत," ती शेवटी म्हणाली. "पुसून पुसून माझे खांदे गेले, आणि त्यात आजवर कुणी घास खाल्ला नाही. ही पोरगी जेवलेली भांडी घेऊन येतेय, तर येऊ दे. भात आहे का थोडा?"

तालातूने त्याच खरवडलेल्या वाडग्यात वाढला. बिंतूने सगळा संपवला आणि भाताबद्दल एक अक्षरही काढलं नाही. ते तालातूला जरा लागलं, पण त्या दिवशी तिने तेवढं सोसलं.

लग्न झालं. भांडी रम्लातूबरोबर टेम्पोत बसून गेली, आणि खोली अशी उघडी पडली की तालातूला त्यात झोपवेना. उद्यापासून भात कशात द्यायचा? लोकांनी नाही आणलं काही, तर? तिने कुणाला न सांगता काळ्या पिशव्यांचा एक गठ्ठा विकत आणला आणि बसायच्या स्टुलाखाली ढकलून ठेवला.

सकाळी ती पातेलं घेऊन आली तेव्हा बाकावर माणूस नव्हतं. भांडी होती. रांगेने मांडलेली, प्रत्येकाचा नंबर लावून माणसं परत झोपायला गेलेली. मोर, पोपट, कमळं, कधीच न उतरलेल्या उतरंडींची वरची वाडगी. काहींच्या कडांवर अजून दुकानाचा कागद चिकटलेला. तालातूने गठ्ठा पायाने आणखी आत सारला. मग ती एकेक भांडं हातात घेऊन, त्याच्या धन्याचं नाव घेऊन पुटपुटत राहिली. अल्लाचे आभार मानत होती, पण कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती की हिशेब करतेय.

अझारा आपलं न्यायला आली. झाकणावर पिवळी फुलं होती, तिच्या लग्नातली.

"हे कशाला काढलंस?" तालातू म्हणाली. "आईचं आहे ना तुझ्या?"

"म्हणून तर काढलं."

"बरं. आणि परत आणायची घाई करू नकोस हो, भुईमूग निघू दे."

"माझंच आहे, हाजिया. परत कुठे आणू?"

तालातूने तळलेल्या केळ्याचे आणखी दोन तुकडे वर ठेवले, झाकण लावलं, आणि वाडगं दोन्ही हातांनी अझाराच्या हातात दिलं.