हात बघणाऱ्या हिराक्का

हिराक्का प्रश्न माणसाच्या तोंडाकडे बघून विचारायच्या आणि उत्तर त्याच्या हातांकडे बघून ऐकायच्या. मुलाखतीला आलेला माणूस आपला बारा वर्षांचा अनुभव सांगत असायचा, आणि नऊवारी नेसलेल्या, रुपयाएवढं कुंकू लावलेल्या या बाईंची नजर त्याच्या बोटांवर खिळलेली असायची. एकाने घाबरून तळवाच पुढे केला. "ठेव खाली," आक्का म्हणाल्या. "तुझं लगीन कवा हुणार ते मला न्हाय बघायचं. मशीन चालव."

मुलाखती चालायच्या त्या बेळगावात, टिळकवाडीत, एका वह्यांच्या दुकानाच्या माडीवर. तिथे आक्कांच्या भाच्याचं, विनायकचं, सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. आक्का मराठी चौथी शिकलेल्या. एकतीस वर्षं निपाणीत बिडीच्या कारखान्यात काढलेली. आधी वळण्यात, मग वळलेल्या बिड्या तपासून खराब बाजूला काढण्यात. गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर म्हणून भाच्याकडे आल्या आणि राहिल्याच. घरी एकटं बसवेना म्हणून ऑफिसात येऊ लागल्या. चहा त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला, मुलाखती पंधरा दिवसांनी.

माझी त्यांची ओळख तिथलीच. एका कॉलेजातलं ग्रंथपालाचं काम संपल्यावर मी विनायककडे ॲपमधली मराठी वाक्यं लिहायला लागलो. मी एक वाक्य लिहून ते तासभर न्याहाळणारा माणूस. तिसऱ्या दिवशी आक्का माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, सकाळपासनं तीन शब्द झाल्यात. माझ्या हाताखाली असतास तर दुपारी घरला धाडलो असतो तुला." त्या भागातल्या बायका बोलतात तसं आक्का स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच म्हणायच्या. मी पुन्हा त्याच वाक्याकडे बघू लागलो. "तोंड उघडायला पण अर्ज करावा लागतोय व्हय रं?" असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. साखर जरा जास्तच होती. माझ्या बाबतीत त्यांनी ती शेवटपर्यंत जास्तच ठेवली.

आता हातांची गोष्ट. कारखान्यात एखादी बाई 'मला येतं' म्हणत आली, की तिला पानं आणि तंबाखूचं सूप द्यायचं, शेजारी बसायचं आणि तिच्या सासूचा विषय काढायचा. सासूबद्दल बोलताना जिचे हात थांबले नाहीत ती जुनी, थांबले ती शिकाऊ. आक्का सांगायच्या, "कागुद खोटं बोलतोय, तोंड तर बोलतंयच. हात न्हाय बोलत खोटं." त्यांची स्वतःची बोटंही कधी थांबत नसत. गप्पा मारताना अंगठा आणि तर्जनी हवेतच एक नसलेली बिडी वळत राहायची.

या मुलाखतींमागे आक्कांची स्वतःची निकड होती. बिडीचं काम कमी झाल्यावर निपाणीतल्या त्यांच्या चाळीस मैत्रिणींनी कडक भाकरीचा धंदा सुरू केला होता. पापडासारखी कुरकुरीत, महिनाभर टिकणारी ज्वारीची भाकरी. पण मागण्या यायच्या फोनवर, आणि त्या घ्यायच्या शेवंताबाई, आक्कांची जिवाभावाची मैत्रीण. तीस भाकऱ्या चिकोडीला आणि पन्नास खानापूरला, हे त्यांच्या डोक्यात अगदी पक्कं असायचं. पाठवताना तेवढी अदलाबदल व्हायची. त्यातच उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या कँटीनने रोज तीनशे भाकऱ्या घ्यायची तयारी दाखवली, फक्त मागणी फोनवर नाही, ॲपवर देणार म्हणाले. आक्कांनी मैत्रिणींना शब्द दिला, "माझा भाचा करून देतोय."

भाच्याने आधी दोन नवी पोरं घेऊन करून बघितलं होतं. एक दिसणारी पानं करायचा, दुसरा मागची जुळणी. बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे. मग विनायकने ठरवलं, की अशी एक फ्रेमवर्क घ्यायची जिच्यात पुढचं पान, मागचं काम आणि माहिती साठवायची जागा सगळं एकत्र बांधता येतं, आणि ते सगळं येणारा अनुभवी माणूस घ्यायचा. हे त्याने आक्कांना अर्धा तास समजावलं. ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे चार पुडाचा डबा. भात एकीनं केला, आमटी दुसरीनं, आणि झाकण कुणाचंच बसंना. एकाच घरचा डबा पायजे, आसं म्हण की." विनायकने मान हलवली. पुढे जाहिरातीचा मजकूर लिहिताना माझ्या मनात सारखा डबाच येत होता.

त्या आठवड्यात सात जण आले. ठरलेलं काम एकच: भाकरीची मागणी घेणारं एक छोटं पान आमच्यासमोर करून दाखवायचं. उमेदवार कामाला लागला की आक्का खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. "आई काय करती रं? म्हशी किती? दूध डेरीला घालता का घरीच?" पाच जणांचे हात थांबले. एक जण तर म्हशीचं आजारपण सांगता सांगता काम विसरला. आक्कांनी त्याला औषध सांगितलं आणि नापास केलं.

त्यानंतर आली कविता. बंगळुरात अकरा वर्षं काम करून वडिलांच्या आजारपणामुळे चिकोडीला परतलेली. तिने काम वाचलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आक्कांनी म्हशींचा विषय काढला, ती नुसती हसली. विसाव्या मिनिटाला तिने विचारलं, "नेट मधेच गेलं आणि माणसानं घाईनं परत बटण दाबलं तर? एकाच मागणीच्या दोन होतील."

"तकडं बायका तवा तापवून बसल्यात," आक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आणि ही मांडीवर हात ठेवून कोडी घालती."

शेवटचा महेश. काय हात होते त्याचे! आक्कांनी म्हशी विचारल्या, आई विचारली, गावची जत्रा विचारली. तो सगळं सांगत गेला आणि बोटं पाऊस पडावा तशी चालत राहिली. आक्कांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "घे रं ह्याला," त्या विनायकला म्हणाल्या. "आमच्यात असता तर पैला नंबर काढला असता." विनायकचा कल कविताकडे होता, पण एवढ्या आनंदापुढे तो काय बोलणार? मी तर बोलणाऱ्यांतला नव्हतोच.

महेशने चार दिवसांत ॲप उभं केलं. पाचव्या दिवशी कँटीनच्या व्यवस्थापकाने पहिली मागणी दिली. उद्यमबागेत त्या वेळी नेट रखडत होतं. त्याने बटण दाबलं, काही दिसेना म्हणून पुन्हा दाबलं, चिडून आणखी दोनदा दाबलं. निपाणीत बाराशे भाकऱ्यांची मागणी पोचली.

शेवंताबाईंचा फोन आला. "हिरे, कारखान्यात लगीन हाय काय गं कुणाचं?"

"मोठी माणसं हायत ती, लई खात्यात," आक्का अभिमानाने म्हणाल्या. "भाजा!"

चाळीस बायकांनी चाळीस तवे पेटवले. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या टेम्पोतून कँटीनच्या दारात गेल्या, आणि त्यातल्या नऊशे आमच्या माडीवर आल्या. खुर्च्यांवर भाकऱ्या, कपाटावर भाकऱ्या, प्रिंटर झाकलेला भाकऱ्यांनी. पंखा लावला की तीळ उडायचे. आम्ही सकाळी भाकरी आणि चटणी खात होतो, दुपारी भाकरी आणि दही, आणि खालचा वह्यांचा दुकानदार कौतुकाने आपल्या पाहुण्यांना आमची माडी दाखवायला आणत होता. महेश बिचारा भला माणूस. "दुसरीकडं बघतो सर," असं सांगून तो स्वतःच गेला. जाताना चाळीस भाकऱ्या घेऊन गेला. त्याच्या हातांत खोट नव्हती, फक्त ते डोक्याच्या पुढे धावायचे.

कँटीनच्या व्यवस्थापकाने सांगितलं, पुढच्या एक तारखेपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर आपण पाव मागवू.

त्या दिवशी आक्का भाकऱ्यांच्या चवडीसमोर बसून होत्या. एकदम त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, ती चिकोडीची पोरगी काय म्हणालती रं?"

"नेट गेलं आणि माणसानं परत बटण दाबलं तर," मी म्हणालो.

माझं लक्ष आक्कांच्या बोटांकडे गेलं. नसलेली बिडी अर्धी वळून थांबली होती. मग त्या जोरात हसल्या, इतक्या की खोकला लागला. "म्हंजे तिचं हात थांबलते तवाच ती कामात हुती! आणि मी एकतीस वर्सांचं शानपन घिऊन बसलोय! बिडीत डोकं रिकामं आणि हात भरलेलं. हितं उलटं हाय रं समदं." लगेच उठून त्यांनी पिशवी शोधायला घेतली. "चल चिकोडीला."

"आक्का, फोन करूया."

"चूक मी केलो, आणि माफी फोननं मागू व्हय?"

त्या गुडघ्यांनी त्या एसटीच्या पायऱ्या कशा चढल्या ते मला माहीत आहे, कारण मागून मी ढकलत होतो. कंडक्टरने कानडीत "अज्जी, निधान", म्हणजे 'आजी, सावकाश', असं म्हटलं तर त्यालाच म्हणाल्या, "निधान चढलो तर एक तारीख हुईल बाबा."

कविताने दार उघडलं. आक्कांनी पंचवीस भाकऱ्यांचं गाठोडं तिच्या हातात दिलं आणि उंबऱ्यावरच सुरुवात केली. "तुझं हात बघून मी तुला नको म्हटलो. चुकलो गं. ह्या भाकऱ्या म्हंजे तू इचारलेल्या सवालाचं उत्तर हाय. आनि आठशे हायत माडीवर."

कविताला हसू आवरेना. "मी तिथं रिकामी बसले नव्हते, आक्का."

"आता कळालं. बा तंगी, कुंद्रु," आक्का तिच्याच घरात तिला कानडीतून बसायला सांगू लागल्या. "हात मांडीवर ठेव, किती बी येळ ठेव. पर एक तारखंच्या आत उचल म्हंजे झालं."

कविता आली, पण आधी निपाणीला गेली. शेवंताबाईंच्या चुलीजवळ दिवसभर हात मांडीवर ठेवून बसली. बायका तिची टिंगल करत होत्या, "ही देवीची मूर्त कुणी आणून ठेवली गं?" संध्याकाळी ती म्हणाली, "तुमचे हात पिठाचे असतात. फोनला लावणार कसे?" हे आजवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, भाकरी करणाऱ्यांच्याही नाही. तिने 'मागणी घेतली' हे बटण एवढं मोठं केलं की ते कोपराने दाबता येईल. शेवंताबाई ते नाकानेही दाबून दाखवतात. आणि एकच मागणी कितीही वेळा पाठवली तरी ती एकच धरली जाईल, अशी जुळणी तिने पहिल्याच आठवड्यात केली.

माझं काम एका वाक्याचं होतं: मागणी पोचली की गिऱ्हाइकाला काय दिसावं. मी लिहिलं, 'आपली मागणी नोंदवण्यात आली आहे.' आक्कांनी वाचायला लावलं आणि कपाळाला हात लावला. "कोन मेलंय का? नोंद कसली करतोस? आमी दारात आलेल्याला काय सांगतो? मिळाली. तवा ठेवलाय. झालं." तेच ठेवलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यांत चांगलं वाक्य मी लिहिलेलं नाही.

एक तारखेला व्यवस्थापकाने मुद्दाम, मोजून पाच वेळा बटण दाबलं. निपाणीत एकच मागणी गेली, तीनशेची. त्याच्या फोनवर उमटलं: 'मिळाली. तवा ठेवलाय.' माडीवर आक्कांनी कविताचे दोन्ही हात धरून, गुडघे विसरून, झिम्म्याच्या दोन फेऱ्या घेतल्या. तिसरीला विनायकने त्यांना खुर्चीत बसवलं.

पुढे आमचं काम वाढलं आणि मुलाखतीही. आक्कांचं माप आता उलटं झालं होतं: हात कधी थांबतात ते बघायचं. ही बातमी बाहेर फुटली आणि येणारा प्रत्येक जण मांडीवर हात ठेवून ध्यानस्थ बसू लागला. आक्का त्यांनाही फसल्या नाहीत. "ह्यो इचार करत न्हाय," त्या एकाकडे बघून म्हणाल्या, "फोटो काढाय बसलाय." माझ्या हातांबद्दल मात्र त्यांनी पुन्हा कधी टोमणा मारला नाही. एकदा चहा ठेवताना एवढंच म्हणाल्या, "तुझं बी तसंच असंल रं मास्तर. बस."

आक्का गेल्या त्या हृदयविकाराने, दवाखान्यात दोनच दिवस काढून. शेवटच्या सकाळी मी गेलो तेव्हा त्या नर्सला सासूबद्दल विचारत होत्या, आणि सुई लावणाऱ्या तिच्या हातांकडे बघत होत्या. "जुनी हाय," त्या मला हळूच म्हणाल्या. त्यांची स्वतःची बोटं चादरीवर चालू होती. दुपारी विनायकचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑफिसात जमलो. कविताने निपाणीला फोन लावून विचारलं, दोन दिवस मागण्या बंद ठेवायच्या का? शेवंताबाईंचा आवाज रडून बसला होता. "बंद केलास तर ती उठून बसंल गं," त्या म्हणाल्या. "चालू ठिव."

तरी गिऱ्हाइकांसाठी त्यांच्याबद्दल एखादी ओळ असावी, असं विनायक म्हणाला आणि ती माझ्याकडे आली. मी मशीन उघडून बसलो. शब्द येईनात. हात मांडीवर गेले आणि तिथेच राहिले, तासभर. विनायक दोनदा जवळ आला आणि माझ्या हातांकडे बघून परत गेला. तिसऱ्यांदा त्याने चहा आणून ठेवला. साखर बरोबर होती, म्हणून तो पिववला नाही.

एवढ्यात कँटीनची मागणी आली. तीनशे. समोरच्या पडद्यावर त्याखाली नेहमीची ओळ उमटली: 'मिळाली. तवा ठेवलाय.'

मी मांडीवरचे हात उचलले, काहीही न लिहिता मशीन मिटलं, आणि कविताला सांगितलं, ओळ आहे तीच राहू दे.